मथळ्यातले 'प्रकरण'

प्रथम वर्षाच्या वर्गात श्लेष अलंकार शिकवताना आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'लावणी जोरात सुरू आहे.' मग विचारतो, नेमके काय सुरू आहे? आम्ही शिकवतो ते मावळात. जुलैमध्ये आमचे वर्ग अर्धेअधिक रिकामे असतात, कारण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या भागांतील मुलेमुली घरच्या खाचरांत वाकून इंद्रायणीची रोपे लावत असतात. वर्गात जी उरतात ती क्षणाचाही विचार न करता सांगतात, 'भाताची लावणी, सर.' याच पुणे जिल्ह्यात नारायणगावला, यात्रांसाठी तमाशाच्या सुपाऱ्या ठरत असतात त्या दिवसांत, हेच वाक्य उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या कानात ढोलकी वाजेल. वाक्य तेच, अर्थ ठरवतो तो भोवताल.

संस्कृत शास्त्रात या भोवतालाला एक नेमका शब्द आहे : प्रकरण. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादी दिली, तीत संयोग, विप्रयोग, साहचर्य यांच्या जोडीला प्रकरणही आहे. जेवायला बसलेला माणूस 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा, हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हे सांगत असताना बहुतेक दरवर्षी मागच्या बाकांवर खसखस पिकते. 'प्रकरण' या शब्दाचा आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला अर्थ निराळा असतो. तो त्यांना मम्मटाने शिकवलेला नसतो, वृत्तपत्राने शिकवलेला असतो. शास्त्रात ज्याने अर्थाला लगाम घालायचा, त्याच शब्दाचा वृत्तपत्रात भानगड असा अर्थ व्हावा, ही गंमत आम्हाला पुष्कळ दिवस नुसती गंमतच वाटत होती. आता तशी वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

विषय वृत्तपत्रांच्या, विशेषतः सायंदैनिकांच्या आणि अलीकडे वृत्त-संकेतस्थळांच्या, चावट मथळ्यांचा आहे. मराठी मथळ्यांची स्वतंत्र शब्दकळा तयार झाली आहे. आंबटशौकीन, रंगेल, गुलछबू, चाळे, रासलीला, नको त्या अवस्थेत, छमछम. कोणीही वृत्तपत्रवाचक यात आणखी वीस शब्दांची भर घालील. त्यांपैकी एखादा शब्द एकेरी अवतरणचिन्हांत घालायचा, पुढे तीन टिंबे द्यायची, आणि वाचकाला डोळा मारायचा. अवतरणचिन्हाचे हे काम आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत अद्याप नोंदलेले नाही. तेथे दुसऱ्याचे शब्द दाखवण्यासाठी, किंवा शब्दावर भर देण्यासाठी, असे दोनच उपयोग दिलेले असतात. तिसरा उपयोग असा की, शब्द तोच ठेवून 'तुम्हाला कळले ना' असे म्हणायचे आणि म्हटल्याचा पुरावा मागे ठेवायचा नाही.

आमच्यावर सोवळेपणाचा आरोप होण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही चावटपणाच्या विरुद्ध नाही. मराठीचा अध्यापक तसा असूच शकत नाही. असला तर त्याला अर्धा अभ्यासक्रम गाळावा लागेल. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या शृंगारिक लावण्या गाळाव्या लागतील, पठ्ठे बापूराव गाळावे लागतील, शिमगा गाळावा लागेल. काव्यशास्त्राने 'ग्राम्य' आणि 'अश्लील' हे दोष मानले हे खरे. पण 'ग्राम्य' हा दोष ठरवणारे गावात राहत नव्हते, हेही तितकेच खरे. शासनाने नाटक-तमाशांच्या संहिता तपासणारे मंडळ १९५४ पासून बसवले. तेव्हापासून ढोलकीच्या फडातील माणसाला आपला विनोद आधी सरकारी टेबलावर ठेवावा लागतो. मथळा लिहिणाऱ्याला असे कोणतेही टेबल नाही, आणि ते असावे असे आम्ही म्हणतही नाही. तपासनिसाने मराठी विनोदाचे भले केल्याचे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

पण फडातला द्व्यर्थ आणि मथळ्यातला द्व्यर्थ यांत एक फरक आहे, आणि तो पातळीचा नाही. सभ्य-असभ्य, उच्च-नीच असे मोजमाप लावले की तो फरक निसटतो. तमाशातली गौळण पाहा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात. दह्यादुधाच्या, माठाच्या, कराच्या बोलण्यात दुसरा अर्थ सारखा डोकावत राहतो. पण गौळणींबरोबर मावशी असते. लुगडे नेसलेला तो पुरुष टाळी देऊन असे काही प्रत्युत्तर करतो की अडवणाऱ्यांचीच पंचाईत व्हावी. सगळा खेळ सवाल-जवाबाचा. ज्याच्यावर कोटी झाली तो रंगमंचावर हजर असतो, त्याला तोंड असते, आणि पुढची कोटी त्याची असते. बोर्डावर उभी राहून शृंगारिक लावणी म्हणणारी स्त्रीही पदातल्या प्रत्येक दुहेरी शब्दाची धनीण असते. प्रेक्षकाने शिट्टी मारली तर ती त्याच्याकडे वळून पाहू शकते. तिचे आयुष्य सोपे होते असे आम्ही म्हणत नाही. तमाशा-कलावंत स्त्रियांच्या शोषणाचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे. पण निदान त्या पदाच्या चौकटीत बोलणारी ती असते.

दादा कोंडके यांचे उदाहरण तर या विषयाला चिकटलेलेच आहे. 'सोंगाड्या' (१९७१), 'पांडू हवालदार' (१९७५), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८) आणि हिंदीत 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) : यांतील शेवटची दोन शीर्षके म्हणजे मथळेच आहेत, आणि उत्तम मथळे आहेत. दादांचे तंत्र भाषिकदृष्ट्या अभ्यासण्याजोगे आहे. मराठीत कर्म गाळता येते. 'घेतली', 'दिली', 'काढली', 'लावू का' एवढ्यावर वाक्य थांबवता येते आणि क्रियापदाचे लिंग तेवढे हवेत लटकत राहते. शिवाय मराठीत नपुंसकलिंगी सर्वनाम आहे. 'ते', 'तसलं', 'भलतंच' या शब्दांवर मराठी माणसाने जेवढा संकोच लादला आहे तेवढा दुसऱ्या कशावर नसेल. दादांनी हे सगळे वापरले. पण त्यांच्या खेळात फजिती कोणाची होते? नाडी लोंबणारी हाफपँट घातलेल्या त्या भोळ्या माणसाची, स्वतःची. त्यानंतर प्रेक्षकाची, कारण पडद्यावरचा माणूस निरागस चेहऱ्याने उभा आणि पाप मनात आले ते खुर्चीवर बसलेल्याच्या. सेन्सॉरशी त्यांचे खटके सर्वश्रुत आहेत, आणि सेन्सॉरची अडचणही उघड होती. आक्षेप घ्यायचा तर 'मला यात तो अर्थ दिसला' अशी कबुली आधी द्यावी लागे.

मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज'च्या दिवाळी अंकातील खिडकी-चित्रे आमच्या पिढीने थोरांच्या नजरेआड पाहिली आहेत. पानाला खिडकी कापलेली. तिच्यातून दिसणारा चित्राचा तुकडा असा की कान तापावेत. पान उलटले की एखादा अगदी सोज्ज्वळ घरगुती प्रसंग. हसे होते ते पान उलटणाऱ्याचे. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर खिडकी म्हणजे प्रकरणावाचूनचा शब्द, आणि पुढचे पान म्हणजे प्रकरण. दोन्ही एकाच चित्रकाराच्या हातचे, दोन्ही कागदावरचे.

मथळा ही तशीच खिडकी आहे. पण पान उलटल्यावर तेथे चित्र नसते, माणूस असतो.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, लोणावळ्याच्या परिसरातील एका भाड्याच्या बंगल्यावर पोलिसांचा छापा पडला. मोठ्या आवाजातले संगीत, मद्य, पाच-सहा पुरुष पर्यटक, दोन तरुणी, आणि स्वयंपाकाला ठेवलेली एक स्थानिक स्त्री. दुसऱ्या दिवशी एका सायंदैनिकाने मथळ्यात चिक्की आणली. तो मथळा आम्ही येथे देत नाही. दिला तर तो आणखी एकदा छापला जाईल. एवढे सांगितले तरी पुरे की लोणावळ्याचा जगप्रसिद्ध पदार्थ आणि बंगल्यात सापडलेल्या स्त्रिया यांचा श्लेष साधला होता, आणि निव्वळ शब्दखेळ म्हणून पाहिले तर साधला चांगला होता. अभंग श्लेष, एकही अक्षर वाया गेले नव्हते. स्टेशनवर लोकलची वाट पाहत असताना आमच्यापैकी एकाने तो वाचला आणि, येथे कबूल केले पाहिजे, हसू आले.

स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईंची मुलगी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होती. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. ती दीड महिना आली नाही. परत आली तेव्हा तासानंतर थांबली आणि आमच्यापैकी दुसरीला म्हणाली, 'मॅडम, यात विनोद कुठं आहे ते मला समजावून सांगाल का? अलंकार कळला. विनोद कळला नाही.' घडी घालून घालून मऊ झालेले ते कात्रण तिच्या वहीत होते. बातमीच्या चौथ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते की स्वयंपाक करणाऱ्या महिलेचा जबाब नोंदवून तिला त्याच रात्री घरी पाठवण्यात आले. चौथा परिच्छेद, म्हणजे प्रकरण. पण मथळा तीन कॉलमी होता, आणि वाडीतील लोकांनी वाचला होता तो मथळा. नाव छापलेले नव्हते. वय होते, बंगल्याची वाट होती, नवरा काय काम करतो तेही होते. लोणावळ्यासारख्या गावात एवढ्यावर माणूस सापडतो.

आम्ही तिला काय उत्तर दिले ते सांगण्यासारखे नाही. काहीतरी बोललो. हा लेख एका अर्थी त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

तिच्या प्रश्नाचा एक भाग गावाचाही आहे. लोणावळा-खंडाळा हे शब्द आता शब्द राहिलेले नाहीत. ते स्वतःच द्व्यर्थ झाले आहेत. १९९८ च्या 'गुलाम' चित्रपटात नायकाने नायिकेला खंडाळ्याला येण्याचे आमंत्रण दिले आणि देशभर पोराटोरांच्या तोंडी ते गाणे बसले. तेव्हापासून तर 'खंडाळ्याला जाणे' या क्रियापदाला घाट, धुके आणि रेल्वेचे बोगदे यांच्याशी काही देणेघेणे उरले नाही. त्याआधीही ते फारसे नव्हते, असे जुनी माणसे सांगतील. मथळ्यात 'लोणावळा' हा शब्द आला की उपसंपादकाचे निम्मे काम झालेले असते. अवतरणचिन्ह न देताच वाचक ते वाचतो. 'लोणावळ्यातील बंगल्यात', 'लोणावळ्याच्या वाटेवर' एवढे म्हणणे पुरते. पुण्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या आमच्या विद्यार्थिनी सांगतात की वसतिगृहात गाव विचारले, सांगितले, की समोरचा क्षणभर थांबतो. त्या क्षणभरात जे घडते ते अभिधामूल व्यंजनेचे शुद्ध उदाहरण आहे. प्रकरणाने वाच्यार्थ ठरला आहे, गाव विचारले होते, गाव सांगितले. तरी दुसरा अर्थ लुकलुकतोच. ज्यांना त्या दुसऱ्या अर्थात राहावे लागते, भांडी घासावी लागतात, बंगले झाडावे लागतात, पर्यटकांना वाट दाखवावी लागते, त्यांना कोटी परतवण्याची सोय नाही. मावशी नाही.

येथून सात-आठ मैलांवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांची युगुले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, भरदार, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. नंतरच्या शतकांत त्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदत आहेत. सहलीला नेलेली मुले पहिली दोन मिनिटे खुसखुसतात आणि मग थांबतात. झाकलेले काही नाही म्हटल्यावर खुसखुसणार कशाला?

झाकलेले आणि उघडे यांच्याविषयी आपला व्यवहार मोठा विलक्षण आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. लैंगिक प्रश्नांना त्यांनी नेमक्या शब्दांत, वैद्यकाच्या थंड मराठीत उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) वर खटला झाला. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९६९ मध्ये ते सुटले. हे तिघेही आपल्या शब्दाला बांधील होते. जे म्हणायचे ते म्हटले, खाली नाव होते, न्यायालयात बोलावले तेव्हा गेले. मथळ्याखाली नाव नसते. त्याला कोणी न्यायालयात ओढले तर तो म्हणेल, आम्ही तर चिक्की म्हटले. उघड बोलणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि सूचकतेला चतुराई म्हणून दाद द्यायची, ही सवय फक्त वृत्तपत्रांची नाही. ती आम्हा साहित्याच्या शिक्षकांचीही आहे. आनंदवर्धनाचे नाव घेऊन व्यंजना ही नेहमीच वाच्यार्थाहून श्रेष्ठ असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. सूचित अर्थ कोणाच्या जिवावर उठतो, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत नव्हता.

आता व्याकरणाकडे वळू, कारण आमच्या मते खरी गोम तेथे आहे. मराठी मथळा बहुधा क्रियापदहीन असतो. 'तरुणीवर अत्याचार', 'विवाहितेचा विनयभंग'. ज्याच्या बाबतीत घडले त्याला विभक्ती आहे. ज्याने केले तो वाक्यातच नाही. कर्ता गळाला की जागा रिकामी होते, आणि त्या जागेत रंजक शब्द येऊन बसतो. पुरुषाचा उल्लेख करावाच लागला तर कोणता शब्द येतो पाहा : 'शिक्षकाचा प्रताप', 'मांत्रिकाच्या लीला', 'बुवाचे कारनामे'. प्रताप राणाचा, लीला कृष्णाची, कारनामा वीराचा. उपरोध आहे, हे आम्हालाही कळते. पण उपरोधाची धार पहिल्या दहा वेळाच असते. हजार वेळा वापरल्यावर तो त्या गोष्टीचा नेहमीचा शब्द होतो, आणि मग बालिकेवरील लैंगिक अत्याचार हा खरोखरच खोडकर पराक्रमांच्या रांगेत जाऊन बसतो. 'अतिप्रसंग' हा तर आमचा आवडता शब्द. न्यायशास्त्रात एखादा नियम नको तेथे लागू होऊ लागला तर त्याला अतिप्रसंग म्हणत. तर्कातला एक दोष. त्या शब्दाने मराठीत बलात्कारावर पांघरूण घालण्याचे काम पत्करले. आणि 'विनयभंग' या कायद्याच्या शब्दात तर गुन्हा कोणाचा यापेक्षा भंग कशाचा झाला हेच सांगितले आहे.

'बारबाला' हा शब्द आठवावा. २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला, २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि २०१९ च्या जानेवारीत त्यातील अनेक अटी न्यायालयाने काढल्या. चौदा वर्षांची ही लढाई उपजीविकेच्या हक्काविषयी होती. मराठी मथळ्यांत ती 'छमछम' या एका नादानुकारी शब्दात उरली. छमछम बंद, छमछम सुरू, पुन्हा छमछम. घुंगरू वाजते, पाय दिसत नाही. 'बार' आणि 'बाला' यांचा अनुप्रास कानाला गोड लागला आणि त्या अनुप्रासामुळे चाळिशीची, दोन मुलांची आईही 'बाला' झाली. भाषेने काम करणाऱ्या बाईचे वय काढून घेतले, याची तक्रार कोणत्या मंडळाकडे करायची?

मंडळे आहेत. पत्रकारितेच्या आचारसंहितेत प्रेस कौन्सिलने मथळ्यांविषयी स्पष्ट सांगितले आहे की ते भडक नसावेत आणि खालच्या मजकुराने त्यांचे समर्थन झाले पाहिजे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे १९८३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी आदेश दिला. अटक, छापा किंवा सुटका अशा प्रसंगी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, यासाठी प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. या सगळ्याचे आम्ही स्वागत करतो. पण ओळख लपवली की काम झाले असे नाही. चिक्कीच्या मथळ्यात नाव नव्हतेच.

या विषयावर वर्गात बोलायला आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. तो आता एका दैनिकात उपसंपादक आहे. चिक्कीच्या वृत्तपत्राशी त्याचा संबंध नाही. त्याने जे सांगितले त्याने आमचा बराच आवेश उतरला, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. रात्री साडेअकराला पान सोडायचे असते. तीन कॉलमांची रुंदी, दोन ओळी, अक्षरे मोजून. अशा वेळी कोणी कोणाची बदनामी करायला बसलेले नसते, हाताला लागेल तो शब्द बसवायचा असतो. 'सर, "रंगेल" तीन अक्षरी आहे. "आरोपी पर्यटक" लिहायला जागा कुठून आणू?' हाताला लागणारे शब्द तयार साचे असतात आणि ते साचे त्याच्या आधीच्या माणसाने ठेवलेले असतात. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती आम्हाला सुचली नव्हती. पूर्वी चावट मथळा संध्याकाळी छापला जाई आणि दुसऱ्या दिवशी त्यात वडापाव बांधला जाई. आता तो मोबाइलवर येतो, मथळ्यावर किती बोटे पडली हे कार्यालयातील पडद्यावर क्षणाक्षणाला दिसते, आणि तो जुना होत नाही. चौथा परिच्छेद उघडण्याची वेळ तर आता येतच नाही. खिडकी राहिली, पुढचे पान गेले.

एका मुलाने त्याला विचारले, मग काय विनोद करायचाच नाही? तो म्हणाला, नगरपालिकेवर करा, खड्ड्यांवर करा, मंत्र्यांवर करा, त्यांच्याकडे उत्तर द्यायला माणसे आहेत. गौळणीविषयी आम्ही वर जे लिहिले आहे ते खरे म्हणजे त्याने अधिक थोडक्यात सांगितले होते.

तासाच्या अखेरीस आम्ही एक काल्पनिक बातमी देऊन सर्वांना मथळे लिहायला लावले. दोनच अटी : कर्ता गाळायचा नाही, आणि अवतरणचिन्ह वापरायचे नाही. बातमी बंगल्याची होती. ती आम्ही तशी का निवडली हे वर्गात एकीलाच कळले असणार. बरेच मथळे लांबले, काही रुक्ष झाले, दोघांनी तरी 'रंगेल' घातलाच. एका चिठ्ठीवर नाव नव्हते, पण अक्षर आमच्या ओळखीचे होते. 'छाप्यात सहा पर्यटकांना अटक. स्वयंपाक करणाऱ्या महिलेची साक्ष.'

आमच्या विद्यार्थ्याने ती चिठ्ठी टेबलावर ठेवली, ओठ हलवत अक्षरे मोजली, मध्ये एकदा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग म्हणाला, 'बसतं, सर. दोन ओळींत बसतं. फक्त "महिलेची साक्ष" खालच्या ओळीत जाईल.'